कठीण शब्दांची यादी बाजूला ठेवा, बाई

पत्र : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवते. आमच्याकडं पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. प्रत्येक धड्याचे चाळीस-पन्नास 'हार्ड वर्ड्स' मी फळ्यावर लिहून देते. मुलं अर्थासकट पाठ करतात, धड्याखालचे प्रश्नही सोडवतात; पण अनसीन पॅसेज, म्हणजे पुस्तकाबाहेरचा उतारा, आला की पेन खाली ठेवतात. यंदा क्लस्टरच्या, म्हणजे आमच्या शाळागटाच्या, प्रिपरेटरी (सराव) परीक्षेचा पेपर काढायचं काम माझ्याकडं आलंय, शिवाय नववी-दहावीसाठी वर्कशीटचा संच करायचाय. कुठले इंग्रजी शब्द घ्यावेत आणि कुठले सोडावेत, याला काही हिशेब आहे की नाही? दहावीनंतर बरीच मुलं बेळगावला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जातात. तिथं सगळं इंग्रजीतून. त्यासाठी आतापासून काय करता येईल?

उत्तर : हिशेब आहे, बाई. आधी तुमची यादी कुठं फसते ते पाहू. धड्यात डोळ्यांत भरणारा लांबलचक शब्द बहुधा त्या धड्यात एकदाच येतो आणि पुढं वर्षभर मुलांच्या वाटेला फिरकत नाही. अनसीन पॅसेजमध्ये मूल अडखळतं ते 'ऑलदो', 'अनलेस', 'इन्स्टेड', 'डिस्पाइट', 'हार्डली', 'रादर दॅन' असल्या शब्दांवर. हे तुमच्या फळ्यावर कधी चढत नाहीत, कारण शिकवणाऱ्याला ते सोपे वाटतात. 'ही हार्डली स्पोक' म्हणजे 'तो कडक बोलला' असा अर्थ लावणारी मुलं कुठल्याही वर्गात सापडतील. 'अनलेस' हुकला की अख्खं वाक्य उलटं होतं, आणि प्रश्न नेमका त्याच वाक्यावर असतो.

म्हणून निवडीचा निकष एकच धरा : हा शब्द मुलाला परत किती वेळा भेटणार आहे? या विचाराचा पाया जुना आहे आणि आपल्याच उपखंडात घातला गेला. मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. बंगालमधल्या शाळकरी मुलांना इंग्रजी वाचता यावं, या खटपटीतून त्यांनी शब्दांच्या वारंवारतेकडं लक्ष दिलं. १९५३ मध्ये सुमारे २,००० मूळ शब्दांची त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' छापून आली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द एवढ्यात बसतात. २०१३ मध्ये तिच्याच धर्तीवर 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. तिच्यात सुमारे २,८०० शब्द आहेत आणि ते शंभरपैकी ब्याण्णव शब्दांना पुरतात. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची 'अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' आहे, ५७० शब्दकुळांची; एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ. तिन्ही याद्या नेटवर फुकट मिळतात. हायस्कूलसाठी २०१३ ची यादी पायाला घ्या आणि कॉक्सहेड यांच्या यादीतले शंभर-दीडशे नेहमीचे शब्द वर चढवा : 'रिक्वायर', 'प्रोसेस', 'सिमिलर', 'मेथड', 'इंडिकेट', 'ऑक्कर' वगैरे. जुन्या यादीत 'टेलिग्राफ' आहे आणि 'कॉम्प्युटर' नाही, एवढं ध्यानात असू द्या. 'प्लाउ' आणि 'कार्ट'ही तिच्यात आहेत. शहरातले लोक त्यांना कालबाह्य म्हणतात. खानापूर-हल्याळ पट्ट्यातल्या मुलांपुरतं ते म्हणणं आम्हाला पटत नाही.

दुसरा आकडा मजकुराचा. शंभरातले ९८ शब्द ठाऊक असतील तर मूल कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजून घेतं. ९५ असतील तर शिक्षकाचा हात लागतो. त्याखाली गेलं की अंदाजपंचे सुरू. म्हणजे २०० शब्दांच्या पॅसेजमध्ये परीक्षेला चार अनोळखी शब्द चालतात, वर्गात शिकवताना दहा. धड्याखाली चाळीस-पन्नास शब्द लिहून द्यावे लागतात याचा अर्थ एवढाच, की तो धडा शिक्षकाशिवाय वाचण्यासारखा नाही. त्यात मुलांचा दोष नाही.

आता निवड. शब्दांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगातले शब्द मुलानं स्वतः लिहायचे-बोलायचे आहेत, म्हणून स्पेलिंग, उच्चार, वाक्य सगळं हवं. एका धड्याला आठ ते दहा पुरेत. दुसऱ्या ढिगातले शब्द फक्त दिसल्यावर ओळखायचे. हे बारा-पंधरा असू द्या. तिसऱ्या ढिगातले शब्द पानाच्या तळाशी अर्थ देऊन सोडून द्यायचे. ना पाठांतर, ना परीक्षेत प्रश्न.

गोकाकच्या धबधब्यावरचा एखादा पॅसेज घ्या. 'द घटप्रभा प्लंजेस फिफ्टी-टू मीटर्स ओव्हर अ सँडस्टोन क्लिफ इन्टू अ गॉर्ज. ऑलदो द फॉल्स अट्रॅक्ट लार्ज क्राउड्स ड्युरिंग द मॉन्सून, फ्यू पीपल कम इन एप्रिल, व्हेन द फ्लो इज रिड्यूस्ड टू अ ट्रिकल.' नेहमीच्या पद्धतीनं फळ्यावर जातील ते 'प्लंज', 'सँडस्टोन', 'गॉर्ज', 'ट्रिकल'. चारही शब्द दहावी संपेपर्यंत पुन्हा भेटायची शक्यता कमी. आमच्या हिशेबानं पहिल्या ढिगात 'ऑलदो', 'अट्रॅक्ट', 'रिड्यूस'. 'रिड्यूस' तर गणितात, रसायनशास्त्रात, वर्तमानपत्रात, सगळीकडं आहे. 'फ्यू' हाही पहिल्या ढिगातलाच, कारण 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत लोक आले की आले नाहीत एवढा फरक पडतो. दुसऱ्यात 'क्लिफ', 'फ्लो', 'क्राउड'. 'सँडस्टोन', 'गॉर्ज' आणि 'ट्रिकल'चा अर्थ तळाशी द्या. 'प्लंजेस' काढून सरळ 'फॉल्स' लिहा. पॅसेजचं काही बिघडत नाही.

सोपं करताना एक चूक सर्रास होते. लांब वाक्य नको म्हणून 'ऑलदो' उडवून दोन तोडकी वाक्यं केली जातात. शब्द कमी होतात, पण दोन गोष्टींमधला विरोध मुलालाच शोधावा लागतो आणि मजकूर उलट जड होतो. नामं-क्रियापदं बदला, वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना हात लावू नका.

पहिल्या ढिगातला शब्द एकटा देऊ नका, त्याच्या सोबत्यासकट द्या : 'डिपेंड ऑन', 'कन्सिस्ट ऑफ', 'टेक प्लेस', 'मेक अ मिस्टेक'. आपल्याकडं 'करणे' एकच असल्यामुळं मुलं 'मेक' आणि 'डू' यांची सरमिसळ करतात. 'च्याबद्दल' डोक्यात असल्यामुळं 'डिस्कस'नंतर 'अबाउट' चिकटतो. परीक्षा 'देतात' म्हणून 'गिव्ह'. वर्कशीटवर 'एक्झाम' शब्द देताना 'टेक अ‍ॅन एक्झाम' असं अख्खं लिहिलं की अर्धी लढाई तिथंच संपते.

शब्दकुळाचंही तसंच. 'डिसाइड' येतं म्हणून 'डिसिजन' येतं असं धरू नका. '-नेस', '-लेस', '-फुल', 'अन-' असे नियमानं लागणारे प्रत्यय एकदा शिकवले की मूल पुढचं स्वतः ओळखतं. पण 'डिसाइड-डिसिजन', 'रिसीव्ह-रिसेप्शन', 'हाय-हाइट' इथं रूप बदलतं, तेव्हा प्रत्येक रूप वेगळा शब्द म्हणून मोजा. आठ-दहाच्या कोट्यात ते धरलं नाही, तर यादी गुपचूप दुप्पट होते.

आता थोडी जमेची बाजू. मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्द आधीच भरपूर आहेत : 'कॅन्सल', 'अ‍ॅडजस्ट', 'सप्लाय', 'प्रेशर', 'लेव्हल', 'गॅरंटी', 'रिपोर्ट'. हे कानाला माहीत आहेत, डोळ्याला नाहीत. जून महिन्यात असे साठ-सत्तर शब्द मुलांकडूनच गोळा करा आणि फक्त स्पेलिंगशी ओळख करून द्या. 'रिसीट'मधला मुका 'पी' आणि 'गॅरंटी'तला 'यू' एकदा दाखवला की झालं. अर्थ शिकवायचा वेळ वाचतो. मात्र आपल्याकडं येताना काही शब्दांचा अर्थ सरकलाय, ते वेगळे काढा. आपलं 'हॉटेल' जेवायचं, 'लाइट' गेली म्हणजे वीज गेली, 'क्लास' म्हणजे शिकवणी, 'करंट' म्हणजे बसतो तो झटका. वाचताना मूल हाच अर्थ लावतं, आणि शब्द ओळखीचा असल्यामुळं त्याला शंकासुद्धा येत नाही.

अर्थ कुठल्या भाषेत द्यावा? मराठीत, आणि एकच. 'अट्रॅक्ट'समोर 'आकर्षित करणे, ओढणे, खेचणे, मोहविणे' अशी माळ लावली की मूल शेवटचा शब्द लक्षात ठेवतं. त्या वाक्यात बसणारा अर्थ द्या, बाकीचे ते ते वाक्य येईल तेव्हा. सीमाभागात आणखी एक पेच आहे. वर्गातल्या काही मुलांच्या घरी कन्नड असतं आणि संस्कृतातून आलेले बरेच शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे, अर्थानं वेगळे. 'इन्फर'समोर तुम्ही 'अनुमान काढणे' लिहिलंत, तर कन्नडच्या सवयीचं मूल 'संशय घेणे' समजेल. 'अवकाश' म्हणजे आपल्याकडं मोकळी जागा किंवा सवड, कन्नडमध्ये संधी. अशा ठिकाणी भारदस्त तत्सम शब्द टाळा. 'इन्फर'ला 'मजकुरावरून ओळखणे' म्हणा. तुमच्या कन्नडच्या सरांना किंवा बाईंना यादी एकदा नजरेखालून घालायला सांगा; दहा मिनिटांचं काम आहे.

शब्द देण्याचा क्रमही महत्त्वाचा. विरुद्धार्थी जोड्या एकाच तासाला शिकवायची आपल्याला फार हौस. 'बॉरो' आणि 'लेंड' एका दिवशी दिले की दोन्हीला मराठीत 'उसने' आणि मूल आयुष्यभर 'घेणे की देणे' यात घोटाळत बसतं. 'अफेक्ट-इफेक्ट', 'टीच-लर्न', 'ब्रिंग-टेक' यांचंही तेच. नेहमी लागणारा शब्द आधी पक्का करा, दुसरा तीन-चार आठवड्यांनी आणा. एकाच गटातले शब्द, म्हणजे सगळ्या भाज्या किंवा सगळी अवजारं, एका दमात देणंही तितकंच अडचणीचं. एका गोष्टीत मिळून येणारे शब्द एकत्र दिलेले जास्त टिकतात.

शब्द अंगी लागायला तो दहा-बारा वेळा तरी भेटावा लागतो, आणि त्याच दिवशी दहा वेळा लिहून काढणं यात मोजायचं नाही. म्हणून वर्कशीटचा संच करताना प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूला एक तक्ता ठेवा : पहिल्या ढिगातला शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं कुठल्या वर्कशीटमध्ये परत येतो, त्याचा नंबर. ज्या शब्दासमोर तीन नंबर भरता येत नाहीत तो पहिल्या ढिगात ठेवू नका. ही चाळणी कडक आहे, पण तिनंच यादी आटोक्यात येते.

यादी ठरवण्याआधी मुलांना आज काय येतं ते तपासा. 'येतं का?' विचारलं की सगळे हात वर होतात. त्यासाठी जुनी युक्ती आहे : चाळीस शब्दांचा कागद करा, त्यातले तीस खरे आणि दहा बनावट. 'फ्लॉरिमेंट', 'प्रेडम्बल' असे कानाला इंग्रजी वाटणारे शब्द रचा आणि शब्दकोशात नाहीत ना, हे बघून घ्या. मुलानं फक्त माहीत असलेल्या शब्दांवर खूण करायची. दोनपेक्षा जास्त बनावट शब्दांवर खूण दिसली तर तो कागद हिशेबात धरू नका. वेळ नसेल तर पॅसेजची झेरॉक्स तीन मुलांना द्या, तिघंही मधल्या फळीतली, हुशार नकोत, आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. दोघांनी रेघ मारलेला शब्द अनोळखी धरा. रेघ न मारलेल्या शब्दांपैकी पाचांचा अर्थ तोंडी विचारा. 'कुठंतरी पाहिलाय' आणि 'माहीत आहे' यातलं अंतर तिथं कळतं.

संगणक असेल तर 'अँटवर्डप्रोफायलर' हा लॉरेन्स अँथनी यांचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकला की कुठला शब्द पहिल्या हजारात, कुठला दुसऱ्या हजारात आणि कुठला यादीबाहेर, हे तो दाखवतो. मूळ सोबत जुनी १९५३ ची यादी येते, तुम्हाला हवी ती यादी जोडताही येते. पीडीएफमधून मजकूर उचलताना ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आधी जोडून घ्या, नाहीतर 'डेव्हलप-मेंट'चे दोन तुकडे यादीबाहेर मोजले जातात. मलप्रभा, कणकुंबी, राजहंसगड ही नावंही तो 'कठीण' ठरवतो; ती वजा करूनच टक्केवारी काढा. आणि एक ठिकाण असं आहे की जिथं प्रोग्रॅम हमखास फसतो : 'गिव्ह अप', 'पुट अप विथ', 'टर्न डाउन'. यांतला सुटा प्रत्येक शब्द पहिल्या हजारातला, म्हणून सगळं सोपं दिसतं. मुलाला मात्र अर्थ अजिबात लागत नाही. असे प्रयोग हातानंच शोधा आणि एक नवा शब्द म्हणून मोजा.

आता तुमचा पेपर. दुसऱ्या भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि अंतर्गत २०, हा साचा तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवात पॅसेजपासून करू नका. मंडळाच्या नमुना पेपरांतल्या आणि मागच्या काही वर्षांच्या पेपरांतल्या फक्त सूचना एका कागदावर उतरवा : 'चूज', 'रीराइट', 'कंबाइन', 'मेन्शन', 'एक्स्प्लेन', 'जस्टिफाय', 'कंपेअर', 'समराइज', 'सपोर्ट युअर आन्सर'. हे शब्द पहिल्या ढिगात आणि तेही जूनमध्येच. प्रत्येकासमोर मराठी अर्थाऐवजी उत्तरात काय हवं ते लिहा. 'मेन्शन'ला नुसती नावं चालतात. 'एक्स्प्लेन'ला कारण लागतं. 'जस्टिफाय'ला मजकुरातला पुरावा लागतो. 'जस्टिफाय'ला एका ओळीचं उत्तर लिहून गुण घालवणाऱ्या मुलांना इंग्रजी येत नसतं असं नाही. प्रश्न काय मागतोय ते कळलेलं नसतं. पेपर काढताना एका कामाला एकच सूचनाशब्द ठेवा. दोन नंबरच्या प्रश्नात 'मेन्शन', तीनमध्ये त्याच कामाला 'एन्युमरेट', ही सजावट परीक्षेत नको.

प्रश्नाची भाषा नेहमी पॅसेजपेक्षा सोपी हवी. 'व्हॉट प्रॉम्प्टेड द प्रोटॅगोनिस्ट टू अबँडन हिज एन्डेव्हर?' असा प्रश्न असेल तर मुलाला पॅसेज समजूनही उत्तर देता येणार नाही. 'व्हाय डिड द बॉय गिव्ह अप?' असं केलंत तर वर सांगितलेल्या 'गिव्ह अप'च्या खड्ड्यात पडाल. 'व्हाय डिड द बॉय स्टॉप ट्राइंग?' एवढं पुरे.

समानार्थी शब्दाचे पर्यायी प्रश्न सगळ्यात जास्त बिघडतात. समजा वाक्य दिलं, 'द फार्मर वॉज रिलक्टंट टू सेल हिज ऑक्स', आणि पर्याय 'अनविलिंग', 'हेझिटंट', 'ऑब्स्टिनेट', 'डेस्टिट्यूट'. इथं पहिले दोन्ही बरोबर ठरवता येतात, शेवटचे दोन मूळ शब्दाहून अवघड, आणि शेतकऱ्याच्या मनात काय आहे हे वाक्यातून कळतच नाही. आता असं करा : 'ही हॅड फेड द ऑक्स फॉर टेन इयर्स, सो ही वॉज रिलक्टंट टू सेल इट.' पर्याय 'अनविलिंग', 'एक्सायटेड', 'प्रिपेअर्ड', 'सरप्राइज्ड'. चारही मुलांना माहीत आहेत, चारही व्याकरणानं 'टू'च्या आधी बसतात, बरोबर एकच आहे, आणि दहा वर्षं पोसल्याचा धागा उत्तराकडं नेतो. पर्याय सगळे एकाच शब्दजातीचे हवेत आणि लांबीनं साधारण सारखे. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब असतो हे मुलांना कधीच कळून चुकलंय.

पॅसेजमध्ये ज्याचा अर्थ तळाशी दिला त्या शब्दावर प्रश्न नको. पेपरात हा तळाचा अर्थ मात्र सोप्या इंग्रजीत द्या. 'ट्रिकल'ला 'अ व्हेरी थिन फ्लो' पुरतं. प्रश्नात 'नॉट' आला तर तो ठळक छापा. 'एक्सेप्ट' टाळलेलाच बरा, 'स्वीकारणे'वाल्या 'अ‍ॅक्सेप्ट'शी त्याची गल्लत होते. ओळखायच्या शब्दांवरच्या प्रश्नांत स्पेलिंगचे गुण कापायचे की नाहीत, हे उत्तरसूचीत आधीच लिहा, नाहीतर क्लस्टरमधल्या प्रत्येक शाळेत वेगळा न्याय होतो. 'लाख' आणि 'क्रोर' इंग्रजी उत्तरात आले तर ते चूक धरू नका, भारतीय इंग्रजीत ते रुळलेले शब्द आहेत.

पॅसेज आपल्या भागातला असावा हे आम्हीही म्हणू. 'एस्केलेटर' आणि 'बुफे' यांवर अडलेल्या मुलाचं इंग्रजी नव्हे, शहर तपासलं जातं. पण याचं दुसरं टोकही सांभाळा. गोकाकचा धबधबा कुठल्या नदीवर, हे मूल पॅसेज न वाचताही सांगेल. म्हणून पेपर पक्का करण्याआधी एका सहकाऱ्याला पॅसेज न देता नुसते प्रश्न द्या. निम्मे बरोबर आले तर प्रश्न बदला. त्याच सहकाऱ्यानं मग उत्तरसूची न बघता अख्खा पेपर सोडवावा. ज्या प्रश्नावर तो 'दोन्ही चालतील की' म्हणेल, तो काढून टाका.

राहिलं पीयूसी सायन्स. 'फोटोसिंथेसिस', 'इलेक्ट्रोलिसिस' असल्या शब्दांची फार काळजी करू नका. ते व्याख्येसकटच येतात आणि मराठी संज्ञा माहीत असलेलं मूल ते लवकर उचलतं. घोळ होतो रोजच्या वेशातल्या शब्दांचा : 'वर्क', 'पॉवर', 'सोल्यूशन', 'बेस', 'सेल', 'मॅटर', 'मीन', 'नॉर्मल', 'टेन्शन'. घरी 'टेन्शन' डोक्यात असतं, भौतिकशास्त्रात ते दोरीत असतं. त्याहूनही जास्त अडवतात गणिताच्या आणि विज्ञानाच्या वाक्यांतले सांधे : 'हेन्स', 'व्हेअरअ‍ॅज', 'सच दॅट', 'अझ्यूम', 'निग्लेक्टिंग', 'अ‍ॅट रेस्ट', 'पर', आणि 'रिस्पेक्टिव्हली'. 'टू बॉडीज ऑफ मास टू अँड थ्री केजी मूव्ह अ‍ॅट फाइव्ह अँड सिक्स मीटर्स पर सेकंड रिस्पेक्टिव्हली' यात कुणाचा वेग किती, हे न कळल्यामुळं गणित चुकतं; सूत्र तोंडपाठ असतं. हे पंधरा-वीस सांधे इंग्रजीच्या तासाला पहिल्या ढिगात घ्या. विज्ञानाचे सर ते शिकवणार नाहीत, त्यांच्या दृष्टीनं ते विज्ञान नव्हे.

संज्ञांसाठी दहावीच्या मुलांना एक वही करायला लावा, चार रकान्यांची : पुस्तकातली मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, देवनागरीत उच्चार, आणि एक छोटं इंग्रजी वाक्य. वाक्यात त्या संज्ञेचं क्रियापद आलंच पाहिजे : 'करंट फ्लोज', 'अ फोर्स अ‍ॅक्ट्स ऑन अ बॉडी', 'अ‍ॅन अ‍ॅसिड रिअ‍ॅक्ट्स विथ अ बेस'. नुसती संज्ञा पाठ असलेलं मूल अकरावीत नोट्स उतरवू शकतं, उत्तर लिहू शकत नाही. मराठी संज्ञा कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकातलीच घ्या. निपाणीपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, आणलेल्या गाइडमधली संज्ञा तीच असेल असं धरू नका, मूल दोन नावांना दोन वस्तू समजतं. आठवड्याला दहा संज्ञा धरल्या तर जुलै ते जानेवारी, सुट्ट्या वजा जाता, दोनशेच्या पुढं जातात. पीयूसीच्या पहिल्या सहामाहीला तेवढं भांडवल चांगलं आहे. शब्दांची निवड विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी करावी, पुढच्या आठवड्याच्या प्रकरणातून. वाक्य तुम्ही तपासा. उच्चाराचा रकाना डिसेंबरपर्यंतच ठेवा. त्यानंतर त्यावर कागदाची पट्टी चिकटवून वाचायला लावा, नाहीतर काही मुलं अखेरपर्यंत देवनागरीच वाचत राहतात आणि स्पेलिंगकडं बघतसुद्धा नाहीत.